दहा लाखांचे अनुदान आणि महिन्याचा साठ किलो मसाला

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यातून हे पत्र आले आहे. लिहिणाऱ्या ताई सकाळच्या वेळात तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात बिलिंगचे काम करतात, त्याचे महिन्याला 8 हजार मिळतात. उरलेल्या वेळात कांदा-लसूण मसाला करून विकतात. प्रमाण सासूबाईंचे, मदतीला बचत गटातल्या दोघी आणि कांडप शेजारच्या गावातल्या डंक्यावर. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला 60 किलोच्या आसपास माल जातो. किलोला 600 रुपये येतात आणि सगळा खर्च वजा जाता 180 रुपये उरतात. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईकडचे, मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि पैसे यजमानांच्या मोबाईल नंबरवर जमा होतात. गणपती झाले की घरातली मिरची संपते, मग दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी परत कराव्या लागतात.

मध्यंतरी ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. "सरकार 10 लाख देतंय, फेडायचे नाहीत" असे सांगून त्यांनी 28 लाख 57 हजारांचा मसाला कारखान्याचा प्रकल्प मांडला. फाईलचे 15 हजार आधी, मंजुरीनंतर अनुदानातले पाच टक्के, असा त्यांचा दर आहे. पैसे अजून दिलेले नाहीत, पण आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि सही केलेले दोन कोरे कागद त्यांच्याकडे आहेत. यजमानांचे म्हणणे, सरकारी पैसे सोडायचे कशाला? गटातल्या दोघींना यातले काहीच माहीत नाही. ताई विचारतात: हे 10 लाख घ्यावेत का, नोकरी लगेच सोडावी का आणि त्या दोघींना काय सांगावे?

ताई, बाकीचे सगळे नंतर बोलू. आधी ते सही केलेले कोरे कागद परत आणा. फोनवर मागू नका, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन समक्ष जा. कागद मिळाले नाहीत तर अमुक तारखेला अमुक कामासाठी दिलेले कागद मी परत मागत आहे, ते कुठल्याही कामाला वापरायला माझी संमती नाही, असा मेसेज त्या गृहस्थांना लेखी पाठवून ठेवा. ज्या बँकेत तुमचे खाते आहे तिथेही अर्ज देऊन पोच घ्या. झेरॉक्स दिलेल्या असतील तर त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहायची सवय लावा. कर्ज तुमच्या नावावर निघणार आहे. उद्या हप्ता थकला तर बँक त्या गृहस्थांकडे जाणार नाही, तुमच्या दारात येईल.

आता योजनेबद्दल. तुम्हाला सांगितली गेली ती प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना. ती खरी आहे आणि माझ्या मते चांगलीही आहे. 2020 च्या जूनमध्ये सुरू झाली, खर्चातला 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा. आपल्याकडे ती कृषी विभाग राबवतो. आधी तिची मुदत 2024-25 पर्यंत होती, पुढे ती 2025-26 पर्यंत वाढवली गेली. अशा योजनांची मुदत आणि जिल्ह्याचे उद्दिष्ट वेळोवेळी ठरत असते, म्हणून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा: आज अर्ज घेत आहात का, आणि आपल्या जिल्ह्यात किती प्रकरणे घ्यायची शिल्लक आहेत?

दुसरा प्रश्न विचारा की आमच्या भागाचे जिल्हा संसाधन व्यक्ती कोण आहेत. या योजनेत प्रत्येक जिल्ह्यात अशी माणसे नेमायची तरतूद आहे. प्रकल्प अहवाल तयार करणे, ऑनलाइन अर्ज भरणे, बँकेत पाठपुरावा, अन्न सुरक्षेची नोंदणी, उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद) ही सगळी मदत करणे हे त्यांचे काम. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यांचे मानधन ठरलेले आहे: कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे 20 हजार रुपये, निम्मे मंजुरीनंतर आणि निम्मे नोंदण्या-प्रशिक्षण वगैरे पुरे झाल्यावर. ते पैसे सरकार देते. मग तुम्ही 15 हजार आणि वर पाच टक्के कशासाठी द्यायचे? 10 लाखांचे पाच टक्के म्हणजे 50 हजार. तुमच्या साठ किलोंच्या हिशेबाने ती जवळपास पाच महिन्यांची कमाई आहे.

"फेडायचे नाहीत" हे वाक्य मात्र तुम्हाला अर्धेच सांगितले गेले. ही योजना कर्जाशी जोडलेली आहे. प्रकल्पाला पात्र ठरलेल्या खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळते, जास्तीत जास्त 10 लाख. किमान 10 टक्के रक्कम तुमच्या खिशातून, बाकी सगळे बँकेचे कर्ज. अनुदानाची रक्कम तुमच्या हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या कर्जाशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात ठेवली जाते. कर्जाचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून 3 वर्षे खाते नियमित राहिले आणि उद्योग चालू असला, तरच ती रक्कम तुमच्या कर्जात वळती होते. म्हणजे पहिली 3 वर्षे तुम्ही तुमच्या विक्रीवर तगायचे, मग सरकार वाटा उचलणार. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते बुडीतात धरले जाते. मग 3 वर्षे खाते नियमित ठेवण्याची अट तिथेच मोडते.

त्या गृहस्थांनी 28 लाख 57 हजार हा आकडा कुठून काढला असेल, याचा विचार केलात का? त्याचे 35 टक्के काढून बघा. बरोबर 10 लाख येतात. तुमच्याकडे गिऱ्हाईक किती, मिरची किती, जागा किती हे कशातच धरलेले नाही. अनुदानाची कमाल मर्यादा घेतली आणि उलटा हिशेब केला. असे प्रकल्प गावोगाव तयार होतात आणि माझा राग त्याच्यावर आहे, कारण अनुदानाच्या आकड्यावरून धंद्याचा आकार ठरला की त्याचे ओझे धंदा करणारीच्या डोक्यावर येते.

हिशेब मांडू. 28 लाख 57 हजारांत तुमचे 10 टक्के म्हणजे 2 लाख 86 हजार रोख. ते तुमच्याकडे आहेत का, हे पत्रात कुठे नाही. बँकेचे कर्ज 25 लाख 70 हजारांच्या घरात. व्याज 11 टक्के आणि मुदत 5 वर्षे धरली, तर दर लाखामागे महिन्याचा हप्ता साधारण 2,175 रुपये पडतो. एकूण हप्ता जवळजवळ 56 हजार. तुमची आजची महिन्याची सगळी विक्री 36 हजारांची आहे, ताई. नफा म्हणत नाही मी, विक्री. किलोमागे 180 रुपये उरतात असे धरले तर नुसता हप्ता भरायला महिन्याला 310 किलो मसाला विकावा लागेल, आणि त्यात लाईटबिल, माणसांचा पगार, तुमची मेहनत यातले काहीच धरलेले नाही. अनुदानाची रक्कम वेगळ्या खात्यात जमा झाल्यावर तेवढ्या भागावर व्याज कसे धरणार आणि हप्ता कमी होणार का, हे बँकेकडून मंजुरीपत्रात लिहून घ्यायला हवे. हप्ता थोडा कमी झाला तरी 310 चे 60 होत नाहीत.

याच्या जागी 4 लाखांचा प्रकल्प धरा. तुमचे 40 हजार, बँकेचे 3 लाख 60 हजार, अनुदान 1 लाख 40 हजार. हप्ता 7,800 च्या आसपास, म्हणजे 43-44 किलोंची कमाई. हेही हलके नाही. आज साठ किलोवर तुम्हाला 10,800 उरतात, त्यातले 7,800 हप्त्यात गेले तर हातात 3 हजार राहतील. म्हणून 4 लाखांसाठीसुद्धा आधी विक्री शंभर-सव्वाशे किलोवर नेली पाहिजे. हाच हिशेब कागदावर यजमानांपुढे ठेवा. सरकारी पैसे सोडायचे कशाला, हे त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. सोडू नयेतच. फक्त ते मिळेपर्यंत 3 वर्षे हप्ता कुठून भरायचा, याचे उत्तर त्यांनी आणि तुम्ही मिळून आधी लिहून काढा.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. तुम्ही धरून चालला आहात की यंत्र नाही म्हणून धंदा वाढत नाही. तुमचेच पत्र तसे सांगत नाही. ऑर्डरी का परत कराव्या लागतात? कांडपवाल्याकडे नंबर लागत नाही म्हणून, असे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. मिरची संपते म्हणून, असे लिहिले आहे. आणि पुढे तुम्ही म्हणता की पावसाळ्यात किराणा दुकानातून पाच-दहा किलो मिरची आणून पाहिली, पण ती महाग पडली आणि रंगही नीट आला नाही. हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मला ते सगळ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटले.

मसाल्याच्या धंद्यात पैसा मिरचीत अडकतो. नवी मिरची बाजारात येते ती हिवाळा सरताना आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला, असे ज्याचे त्याचे प्रमाण. गडहिंग्लजच्या बाजारात जाऊन ढिगात हात घालून, देठ मोडून, बी वाजतेय का बघून घेतलेली मिरची आणि श्रावणात दुकानातून आणलेली दमट मिरची यांत किलोमागे मोठा फरक पडतो, आणि चवीतला फरक गिऱ्हाईक पहिल्याच रश्श्याला ओळखते. तुम्ही महिन्याला 100 किलो म्हणजे वर्षाला 1,200 किलो मसाला करायचा म्हटला, तर त्यात मिरची निम्म्याच्या आसपास धरू: 600 किलो. भाव 250 धरला तर दीड लाख रुपये फक्त मिरचीचे, तेही दोन-अडीच महिन्यांच्या आत. खोबरे, धने, तीळ, खडा मसाला वेगळा. शिवाय ती मिरची वर्षभर कोरडी ठेवायला जागा हवी. पावसाळी हवेत पोत्यातल्या मिरचीला बुरशी आणि कीड लागायला वेळ लागत नाही. शक्य असेल तर थोडी मिरची शीतगृहात भाड्याने ठेवावी. तिथे रंग टिकतो, आणि भाड्याचा खर्च वाया गेलेल्या मालापेक्षा कमी पडतो का हे एका वर्षाच्या हिशेबातच कळून जाईल.

आता योजनेकडे परत बघा. 35 टक्के अनुदान हे यंत्रसामग्री आणि तिला लागणाऱ्या बांधकामासाठी आहे. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत, आणि मिरचीच्या पोत्यांवर अनुदान मिळत नाही. म्हणजे तुम्हाला ज्याची खरी अडचण आहे ते खेळते भांडवल, आणि तुम्हाला दाखवले जाते आहे ते यंत्र. उद्या 28 लाखांचा कारखाना उभा राहिला आणि मिरचीला दीड लाख नसले तर गणपतीनंतर यंत्रेही बंदच राहतील.

खेळत्या भांडवलासाठी दोन रस्ते आहेत. याच योजनेत बचत गटातल्या, अन्न प्रक्रिया करणाऱ्या सदस्यांसाठी प्रत्येकी 40 हजार रुपयांचे बीज भांडवल आहे, आणि ते खेळत्या भांडवलासाठी व लहानसहान साधनांसाठीच असते. ते गटांच्या संघामार्फत येते आणि सदस्याला कर्ज म्हणून मिळते, परत करायचे असते. तुम्ही आणि तुमच्या दोघी मदतनीस एकाच गटात आहात. तिघींचे मिळून 1 लाख 20 हजार होतात. दीड लाखाच्या मिरचीतला मोठा भाग तिथेच निघतो. ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय मांडा, उमेदच्या, म्हणजे बचत गटांचे काम बघणाऱ्या राज्याच्या अभियानाच्या, तालुका कार्यालयात जाऊन यादीत नाव कसे लागते ते विचारा.

दुसरा रस्ता मुद्रा कर्जाचा. शिशु गटात 50 हजारांपर्यंत, किशोर गटात त्यापुढे 5 लाखांपर्यंत. मुद्रात अनुदान नाही, तरी कच्च्या मालासाठी ते वापरता येते. सूक्ष्म उद्योगाच्या एवढ्या लहान कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत कुणी घराचे कागद मागितले तर नम्रपणे हा नियम सांगा, आणि नकार आला तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर दाद मागणे अवघड जाते.

इथे तुमची एक अडचण मला स्पष्ट दिसते. पैसे यजमानांच्या नंबरवर येतात. चार वर्षे तुम्ही धंदा करता आहात, पण बँकेच्या लेखी तुमचा धंदा अस्तित्वातच नाही. मॅनेजर तुमच्या खात्याचे उतारे बघणार, त्यात औषधाच्या दुकानाचे 8 हजार आणि गटाची बचत एवढेच दिसणार. त्यामुळे 36 हजारांची विक्री तुम्ही कितीही खरी सांगितली तरी तिला पुरावा नाही. हे आजच बदला. तुमच्या नावाने धंद्यासाठी वेगळे खाते, त्याला जोडलेला क्यूआर कोड, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकच मेसेज की यापुढे पैसे या नंबरवर पाठवा. मिरची, खोबरे, कांडप यांचे पैसेही शक्य तितके त्याच खात्यातून द्या. सहा महिन्यांनी ते पासबुकच तुमचा अर्धा प्रकल्प अहवाल असेल. यजमानांना यात अविश्वास वाटू नये म्हणून आधी सांगा, की बँक कर्ज माझ्या नावावर देणार, तर विक्रीही माझ्या नावावर दिसायला हवी. अशाच अडचणीत असलेल्या कितीतरी बायका असतील. पापड, लोणची, कुरडया विकणाऱ्या प्रत्येकीने आपल्या विक्रीचे पैसे कुणाच्या खात्यात जातात ते एकदा तपासावे.

त्याच वेळी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढून घ्या. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. कधीतरी घेतलेले मायक्रोफायनान्सचे कर्ज किंवा कुणाला दिलेली जामीनकी तिथे थकीत दिसत असेल, तर अर्जाआधी कळलेले बरे.

नोंदण्यांचे थोडक्यात. मसाला घरी केला तरी अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच, "घरगुती" लिहिले म्हणून सूट नाही. लहान उद्योगाला ती ऑनलाइन आणि अल्प खर्चात होते. उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या नोंदीचा उतारा), सासऱ्यांचे संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला यांची जुळवाजुळव आधीच करून ठेवा. अर्ज अडतो तो बहुधा अशाच कागदांवर.

पुडीवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. आज तुम्ही साध्या पिशवीवर नाव छापलेले स्टिकर लावता. त्यावर घटक पदार्थ प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत, शाकाहाराची हिरवी खूण, नाव-पत्ता, किंमत आणि नोंदणीचा 14 अंकी क्रमांक हवा. यातली मुदत कशी ठरवणार? कांदा-लसूण मसाल्यात तळलेला कांदा आणि तेल असते, सुके खोबरे असते. कांदा पुरता कुरकुरीत झाला नाही, आत किंचित ओल राहिली, तर महिन्या-दोन महिन्यांत गुठळ्या होतात. तेल-खोबऱ्याला खवट वास येतो तो त्यानंतर. "वर्षभर टिकतो" हे सासूबाईंच्या बरणीबाबत खरे असेल, कारण ती बरणी काचेची, हिंगाचे खडे घातलेली, दडपून भरलेली आणि कोरड्या चमच्याची असते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये अर्धी उघडून रबर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचे तसे नाही. प्रत्येक बॅचचे चार-पाच पुडे तारीख घालून बाजूला ठेवा, दर महिन्याला एक उघडा, वास, रंग, गुठळी वहीत लिहा. एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ओलावा आणि बुरशीजन्य विषाची तपासणी करून घ्या. मिरचीच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे, कारण दमट मिरचीतली बुरशी कुटल्यावर डोळ्यांना दिसत नाही. मग जी मुदत निघेल तीच छापा, कमी निघाली तरी.

यंत्र घ्यायचे ते केव्हा आणि कोणते? त्या गृहस्थांच्या कोटेशनमध्ये मोठा पल्व्हरायझर, म्हणजे भुकटी करणारे यंत्र, आणि आपोआप पुड्या भरून बंद करणारे यंत्र आहे. वेगात फिरणाऱ्या पल्व्हरायझरमध्ये मसाला तापतो आणि सुवास उडतो. तुमची गिऱ्हाइके जो मसाला मागवतात तो कुटलेला आहे. पॅकिंगच्या त्या यंत्राला छापील रोल लागतो, आणि महिन्याला शे-सव्वाशे किलोच्या मालासाठी असा रोल छापून घेणे परवडत नाही. तुमच्या कामाला लागेल ती यादी माझ्या समजुतीने अशी: कांदा-खोबरे वाळवायला छोटा ड्रायर, म्हणजे वळवाचा पाऊस आला तरी काम थांबणार नाही, मग भाजणीचे साधन, लहान कांडप यंत्र, चांगला वजनकाटा आणि पिशवी बंद करायचे सीलर. कांडप यंत्र घरी आणायचे तर थ्री फेज जोडणी लागू शकते, तिचा खर्च आणि वेळ महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा. कोटेशन किमान तीन ठिकाणची घ्या आणि यंत्र चालू असलेल्या एखाद्या जागी जाऊन आपला एक घाणा काढून बघा. कोटेशन फुगवून उरलेले पैसे "कॅश परत" देतो असे कुणी म्हणाले तर तिथेच थांबा. ती फसवणूक आहे, आणि कागदावर सही तुमची असेल.

योजनेत प्रशिक्षणही आहे, ते टाळू नका. स्वच्छता, पॅकिंग, हिशेब यांवर ते असते आणि तिथे जिल्ह्यातल्या इतर मसालेवाल्या भेटतात. त्यांना विचारलेल्या दोन प्रश्नांतून जे कळेल ते कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. या योजनेत प्रत्येक जिल्ह्याला एक उत्पादन नेमलेले आहे, जसे जळगावला केळी, नागपूरला संत्री. सुरुवातीला नव्या उद्योगासाठी तेच उत्पादन घ्यावे लागे, पुढे ही अट सैल झाली. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे पीक वेगळे आहे असे म्हणून परस्पर माघार घेऊ नका, कार्यालयात विचारा. दुसरे, वैयक्तिक अनुदान एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला मिळते, आणि इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुले. नवऱ्याने घाईने तेलघाण्यासाठी अर्ज केला आणि मग बायकोच्या चाललेल्या धंद्याला वाटच उरली नाही, असे व्हायला नको. ज्यांचा धंदा अजून सुरूच झालेला नाही त्यांनी खादी ग्रामोद्योग आयोगामार्फत चालणारा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही बघावा. तिथे ग्रामीण भागातल्या महिलांना 35 टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा 5 टक्के, पण तो फक्त नव्या उद्योगासाठी. त्याचीही मुदत चालू आहे का हे आधी विचारावे.

आता गटातल्या दोघी. तुम्ही लिहिता, "त्यांना सांगितले तर त्या वाटा मागतील, नाही सांगितले तर मन खाते." ताई, वाटा मागतील असे धरूनच तुम्ही गप्प बसला आहात. त्या आज मजुरीवर येतात की भागीदार म्हणून, हे तुमच्यात कधी बोललेच गेलेले नाही, खरी अडचण ती आहे. त्यांना उद्योगाचा वाटा नकोही असेल. काम वर्षभर मिळेल का आणि दिवसाला किती, एवढेच त्यांना हवे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. दोन्ही पर्याय समोर ठेवा. बीज भांडवल तिघींच्या नावाने घेतले तर मिरचीत तिघींचे पैसे असतील, मग नफ्यातही त्या प्रमाणात वाटा द्यावा लागेल, आणि तो आधीच वहीत लिहून तिघींच्या सह्या घ्या. एकटीने मुद्रा कर्ज घेतले तर जोखीम तुमची, नफा तुमचा आणि त्यांना किलोमागे ठरलेली मजुरी. माझा कल तिघींनी मिळून मिरची घेण्याकडे आहे, कारण त्यात तुमच्या डोक्यावर कर्ज कमी येते आणि दिवाळीच्या घाईत हात कमी पडत नाहीत. पण उद्योग कुणाच्या नावावर, प्रमाण कुणाचे, ब्रँड कुणाचा हे तिघींना सुरुवातीलाच माहीत हवे. सासूबाईंना त्या बैठकीला बसवा. प्रमाण त्यांचे आहे, आणि त्यांचा शब्द तिघीही मानतील असे पत्रावरून वाटते.

राहिला नोकरीचा प्रश्न. लगेच सोडू नका. ते 8 हजार म्हणजे तुमच्या आजच्या मसाल्याच्या कमाईच्या जवळपास तीन चतुर्थांश आहेत, आणि कर्जाचा पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा तेवढाच पैसा नक्की येणारा असेल. या हंगामात गटाच्या किंवा मुद्राच्या पैशातून पुरेशी मिरची भरा आणि दिवाळीपर्यंत एकही ऑर्डर परत करायची नाही एवढेच ठरवा. ते जमले, सलग काही महिने शंभर किलोच्या वर माल गेला आणि ते तुमच्या पासबुकात दिसले, की दुकानाच्या मालकांशी तास कमी करण्याचे बोला. यंत्राचा अर्ज त्यानंतर, 4 लाखांच्या आतबाहेर, जिल्हा संसाधन व्यक्तींना घेऊन करा. यंत्र बसून दोन-तीन हप्ते धंद्याच्या पैशातून भरले गेले की मग राजीनामा द्या.